‘होलोकॉस्ट’: होमबली की हत्या?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली. त्या संहाराला इंग्रजीत ‘होलोकॉस्ट’ म्हणतात आणि मराठीतही तो शब्द आता रुळला आहे. हा शब्द मूळचा वेदीवरचा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ग्रीक भाषेत ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण आणि ‘कॉस्तोस’ म्हणजे जळालेले. (आपल्या परिचयाच्या कॉस्टिक सोड्यातील ‘कॉस्टिक’ याच कुळातला.) जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हिब्रू ‘ओलाह’साठी याच घडणीचा शब्द योजलेला आहे. ‘ओलाह’ म्हणजे वर चढणारे. ज्या बलीचे मांस ना याजकाने खायचे, ना यजमानाने. सारे धूर होऊन परमेश्वराकडे जायचे, ते हे होमार्पण. लॅटिन बायबलमार्फत हा शब्द इंग्रजीत उतरला. कॅथॉलिकांच्या जुन्या डुए बायबलात आब्राहामाला इसहाकाचे जे अर्पण करावयास सांगितले आहे, ते ‘होलोकॉस्ट’च. पुढे कोणत्याही मोठ्या सर्वनाशाला तो लावला जाऊ लागला, आणि १९७८ च्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेनंतर यहुद्यांच्या संहाराचे ते जणू विशेषनामच झाले.

परंतु अर्पण म्हटले की अर्पण करणारा आला, स्वीकारणारा आला. आउश्वित्झच्या भट्ट्यांना आपण होमार्पण म्हणू लागलो, तर तेथील पहारेकरी याजक ठरतात आणि त्या धुराचा स्वीकार करणारा परमेश्वर! म्हणूनच अनेक यहुदी ‘शोआ’, म्हणजे घोर आपत्ती, हा शब्द पसंत करतात. १९९८ साली व्हॅटिकनने या विषयावर जे चिंतन प्रसिद्ध केले, त्यानेही शीर्षकात ‘शोआ’च वापरला.

अर्थ रूढीने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आब्राहामाचे वाचन ऐकणाऱ्या आपल्यासाठी ती वेदी अद्याप पुसली गेलेली नाही.

संत एडिथ स्टाईन यांचे उदाहरण मात्र आपणांस थांबवते. यहुदी कुळात जन्मलेल्या या कार्मेल भगिनीने १९३९ साली, खऱ्या शांतीसाठी प्रायश्चित्तबली म्हणून स्वतःला अर्पण करण्याची अनुज्ञा आपल्या मठप्रमुखांकडे लेखी मागितली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये आउश्वित्झ येथे त्यांना ठार मारण्यात आले. त्यांच्यापुरते ते अर्पण म्हणावे काय? म्हणावे, असे आम्हांला वाटते. कारण ते त्यांनी स्वतः केले होते, मारेकऱ्यांनी नव्हे. त्यांच्यासोबत त्यांची बहीण रोझा होती. त्याच गाडीत कितीतरी लहान मुले होती. त्या मुलांना कोणी विचारले होते?