दान की देणे?

ज्यांच्या घरी पाळणा रिकामा झाला, त्यांच्या दुःखातून मिळालेले ज्ञान त्यांनीच विकत घ्यावे काय? दुर्गम भागातील आरोग्यसंशोधन सर्वांस विनामूल्य वाचावयास मिळावे की नाही, या वादाच्या मुळाशी आम्हांस हा प्रश्न दिसतो.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत तेथील स्त्रियांनाच नवजात बालकाची घरी शुश्रूषा करावयास, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यावयास शिकविले. पूर्वी हजारी 62 अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत. तीन वर्षांत तो आकडा 25 च्या आसपास आला. हे निष्कर्ष 1999 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आकड्यांतील प्रत्येक अंक कुणा मातेने आपले दार उघडल्यामुळे मिळाला होता.

म्हणून असे संशोधन खुले करणे हा उपकार, ही भाषा आम्हांस मान्य नाही. दान मर्जीवर असते. देणे फेडावेच लागते. छपाईस व तपासणीस खर्च येतो, हे खरे (त्रैमासिक चालविणाऱ्यांस ते सांगावयास नको!). पण तो लेखकाकडून वसूल केला, तर लहान ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर लिहिणारच नाही. संशोधनास पैसा पुरविणाऱ्यानेच तो सोसावा.

शिवाय भाषेचे कुलूप राहतेच. बालमृत्यूंवरील ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल 2001 साली मराठीत निघाला, म्हणून तो गावच्या शिक्षकासही वाचता येतो. माडिया बोलणाऱ्या मातेस मात्र तो अजून कुणीतरी सांगावा लागेल.