शेवटचा हात कुणाचा?

दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडली की मराठी माणसाच्या मदतीला दोन म्हणी हजर असतात. दुरुस्ती दुसऱ्यानं केली असेल तर निकाल लगेच लागतो: त्यानंच वाट लावली. दुरुस्ती आपण केली असेल तर मात्र आपल्याला कावळा आठवतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आधीच कुजलेली होती, बिचाऱ्या कावळ्याचा काय दोष? थोडक्यात, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

कावळ्याची म्हण चुकीची नाही. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय असं नावही आहे. पण ही म्हण सांगतंय कोण, हे बघायला हवं. बहुतेक वेळा ती कावळाच सांगत असतो.

म्हणून माझा प्रश्न असा: ज्यानं जोडलं, त्यालाच बिघाड शोधायचा असेल, तर त्यानं स्वतःच्या निदानावर किती विश्वास ठेवावा? कायद्याचं उत्तर सोपं आहे. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. पण हे तत्त्व पाळायला दुसरा न्यायाधीश जवळपास असावा लागतो.

वर्धा आणि वैनगंगा मिळून जिथे प्राणहिता होते, त्या संगमाच्या अलीकडे आमचा गोंडपिपरी तालुका. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, इथे मोटरसायकलींचं गॅरेज चालवतो. त्यानं नागपूरहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी स्वस्तात आणली. गिअरबॉक्स घसरत होता म्हणूनच ती स्वस्त होती. मोठ्या शहरात दुरुस्तीचा खर्च विचारला, तर तो गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला. मग दादानं किट मागवलं, व्हिडिओ पाहिले आणि घराच्या अंगणात गिअरबॉक्स खोलला. गावात या कामातला दुसरा माणूस नव्हता. आरोपी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच.

ऑटोमॅटिक म्हटलं की हल्ली अनेकांना एएमटी आठवते, कारण २०१४ च्या सेलेरियोपासून ती आपल्याकडे घरोघरी पोचली. ती म्हणजे साधा गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. दादाची गाडी त्या जातीची नव्हे. तिचं घराणं १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमधल्या हायड्रामॅटिकपर्यंत मागे जातं. यात सगळा कारभार ऑइलच्या दाबावर चालतो. आत क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात. ऑइल एका पिस्टनला ढकलतं, पिस्टन प्लेटा आवळतो आणि गिअर पडतो. पिस्टनच्या कडेला रबरी सील असतं. त्याची पातळ कड जोडताना दुमडली, तर बाहेरून काहीच दिसत नाही.

गाडी चालली. पोरांनी व्हिडिओ काढला, ‘गोंडपिपरीचा इंजिनिअर’ म्हणून तो स्टेटसवर फिरला. चार दिवसांनी कोठारीच्या रस्त्यानं जाताना, गाडी तापल्यावर, दुसऱ्यातून तिसरा गिअर पडेना. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र ओढायची नाही. रिव्हर्सही टाकल्यावर दोन-तीन सेकंद थांबून लागायचा. थंड असताना सगळं ठीक. “जुनी गाडी आहे, उन्हानं होत असेल,” दादा म्हणाला. चंद्रपूरच्या उन्हावर काहीही ढकललं तरी लोकांना पटतं.

एका रात्री शेजारच्या काकू आल्या. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, चंद्रपूरला न्यायचं होतं. दादा म्हणाला, “काकू, गाडीत पेट्रोल नाही.” टाकी अर्धी भरलेली होती. मग १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले.

त्या खोट्याचा मी बराच विचार केला आहे. दादानं काकूंना जंगलाच्या रस्त्यावर अडकू दिलं नाही, हे चांगलंच झालं. पण गाडी द्यायची नाही हे ज्याला कळलं, त्याला गाडीत बिघाड आहे हेही कळलेलं असतं. ते त्याला बोलायचं नव्हतं, इतकंच. ‘उन्हानं होतं’ हे निदान त्याच रात्री खोटं ठरलं होतं, कारण रात्री ऊन नसतं आणि तरीही त्यानं किल्ली दिली नाही.

त्याला बोलवत का नव्हतं? मला वाटतं, त्या स्टेटसमुळे. टिंगल झाली की माणूस चूक लपवतो, हे आपण जाणतो. कौतुकानंही तो लपवतो, हे आपण विसरतो. ‘इंजिनिअर’ म्हणून मिरवलेल्या माणसाला चार दिवसांत ‘बहुतेक माझ्याच हातून झालं’ असं म्हणणं जड जातं.

या कौतुकाची किंमत विदर्भानं पाहिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुणानं स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. त्याची जिद्द खरी होती, हातही कसबी होता. त्याच्याजवळ नव्हता तो दुसरा डोळा. याउलट कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, तरी नोंदणी आणि परवानग्यांची वाट पुढे काही वर्षं चालली. ती वाट कंटाळवाणी होती यात शंका नाही. पण बनवणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसानं प्रश्न विचारायची सोय त्या वाटेवर होती. आपल्या अंगणातल्या कामांना अशी सोय नसते. मग ती स्वतःच करावी लागते.

आमच्याकडे ती एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर मिस्त्रीमुळे झाली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी जन्मात उघडला नव्हता. त्यांनी ‘कोणी बिघडवला’ असं विचारलंच नाही. ते म्हणाले, “बाबू, याच्यात आखरी हात कायले कायले लागला, थे सांग.” पहिल्या प्रश्नाला आरोपी लागतो. या प्रश्नाला नुसती यादी पुरते. दादानं यादी सांगितली: सगळे सील, प्लेटा, फिल्टर, ऑइल. पंप जुनाच ठेवला होता.

मग दुसरी यादी झाली, काय चालतं आणि काय नाही याची. पहिला चालतो, दुसरा चालतो. तिसरा घसरतो, रिव्हर्स उशिरा लागतो. न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: दोष दिसतो तिथे कोणती गोष्ट असते, आणि दिसत नाही तिथे कोणती नसते? काही चार गिअरच्या पेट्यांत तिसऱ्याला आणि रिव्हर्सला एकच क्लच लागतो, पहिल्या-दुसऱ्याला तो लागत नाही. दादाचा गिअरबॉक्स त्यातलाच. संशयितांची यादी एका फटक्यात आखडली. स्कॅनरनं आधीच पी०७३० दाखवला होता, म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय. पण कोड म्हणजे एफआयआर, निकाल नव्हे.

आधी ऑइलची पातळी पाहिली, गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून. ती बरोबर होती. मग दाब मोजायचा गेज लावला. गेज लावण्याआधी दादानं जे केलं, ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तो आमच्यासमोर म्हणाला, “काटा सगळ्याच गिअरला पडला तर पंप नाहीतर फिल्टर. फक्त तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये पडला, तर त्या क्लचच्या वाटेवर गळती आहे. म्हणजे बहुतेक मीच.”

काटा तिसऱ्यात पडला, रिव्हर्समध्ये पडला. ऑइल तापून पातळ झालं की दुमडलेल्या सीलजवळून ते निसटत होतं. थंडपणी ते घट्ट असल्यानं काम भागत होतं. पेटी पुन्हा खोलली, तेव्हा सीलची कड दुमडून फाटलेली सापडली. नवं सील स्वस्त होतं, मेहनत मात्र तीन दिवसांची गेली. या वेळी पेटी बंद करण्याआधी दादानं त्या क्लचच्या वाटेत कंप्रेसरची हवा सोडली. पिस्टन ‘धप्’ वाजून बसला. पहिल्या वेळी ही तपासणी राहून गेली होती.

निकाल आधी बोलून मग मोजणं ही युक्ती गॅरेजपुरती नाही. मोजल्यानंतर मनाला हवा तो अर्थ काढता येतो. मोजण्याआधी ‘असं दिसलं तर दोष माझा’ असं चारचौघांत म्हटलं, की ती वाट बंद होते. तुम्ही लिहिलेला कोड असो, तुम्ही चालवलेली संस्था असो की तुम्ही समजूत घालून पुन्हा जोडलेली मैत्री असो, स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश व्हावंच लागलं तर निदान शिक्षेचं कलम आधी वाचून ठेवावं.

उलटी चूकही असते, हे सांगायला हवं. काही माणसं प्रत्येक बिघाड लगेच स्वतःवर घेतात. ‘माझंच चुकलं’ हेही न तपासता काढलेलं निदानच आहे. त्यानं माणूस नम्र दिसतो, पण सील फाटलेलंच राहतं. शेवटचा हात ज्याचा, त्याला आधी तपासायचं ते तो दोषी आहे म्हणून नव्हे. बदल तिथे झाला म्हणून.

दादानं पुढे काकूंना त्या रात्रीचं खरं कारण सांगितलं. काकू हसल्या. “तू कधी नाही म्हणत नाहीस, बाप्पा. मले तवाच समजलं, गाडीत काहीतरी हाय म्हणून.” ज्या कबुलीला तो इतका घाबरत होता, तिची किंमत एवढीच निघाली. सगळीकडे ती एवढी स्वस्त नसते. ती स्वस्त ठेवणं बघ्यांच्या हातात असतं. कुणी अंगणात काही जोडून उभं केलं, तर व्हिडिओ जरूर काढा. सोबत एवढंही विचारा: तापल्यावर चालवून पाहिलंस का? आणि उत्तर ‘नाही चालली’ असं आलं, तर तो व्हिडिओ पुसू नका आणि हसूही नका. त्या माणसाला अजून पेटी खोलायची आहे.