कसं लागलं?

‘कधीही खोटं बोलू नये’ हा नियम ज्यानं केला, त्याच्याकडे जपानचे पाहुणे आले नसावेत. जर्मनीच्या कांटसाहेबांनी तर १७९७ साली निबंध लिहून ठरवूनच टाकलं, की दाराशी खुनी येऊन ‘तुझा मित्र कुठं लपलाय?’ असं विचारू लागला तरी खरंच सांगायचं. खुन्याचं ठीक आहे हो! तो निदान खाऊ घेऊन येत नाही आणि ‘कसं लागलं?’ असं विचारून आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही.

माझा भाचा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. तिथं आपली मंडळी पुष्कळ. तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ चक्क निवडून आले होते. असा हा भाचा आमच्या डोंबिवलीच्या घरी आला, तो एका जपानी सहकाऱ्याला घेऊन. त्या गृहस्थांनी कमरेत वाकून दोन्ही हातांनी खोका पुढं केला आणि काहीतरी पुटपुटले. भाचा म्हणाला, “मामा, ते म्हणताहेत, वस्तू अगदीच क्षुल्लक आहे.”

म्हणजे खोट्याची सुरुवात देणाऱ्यानंच केली! पण त्यानं फसतं कोण? पाच पक्वान्नं वाढून आपण ‘साधंच केलंय हो’ म्हणतो, त्यातलंच हे. याला पाप म्हणायचं, तर निम्मी डोंबिवली नरकात जाईल आणि तिथंही चौथी सीट मागेल.

खोका उघडला तेव्हा शेजारचे काका आणि ठाण्याचा माझा एक सीकेपी मित्रही हजर होता. पहिला पदार्थ मोची. चिकट तांदूळ वाफवून, कुटून केलेली पारी आणि आत अझुकीचं गोड पुरण. अझुकी ही मूग, उडीद, चवळी यांच्याच कुळातली. तेव्हा नात्यानं हा मोदकाचा चुलतभाऊच. पण मोदक जिभेवर विरघळतो, हा थकलेल्या कर्जासारखा दातांना धरून बसला. काका घाईनं “वा, फारच छान!” म्हणाले आणि त्यांना लगेच आणखी दोन वाढण्यात आले. खोट्याला चक्रवाढ व्याज लागतं, ते असं.

मग निघालं वाळवलेलं माकूल. सौ.नं पदर नाकाला लावला. “अहो, ती खिडकी उघडा आधी!” मित्र मात्र डोळे मिटून म्हणाला, “आजीचे सोडे आठवले रे!” वास एकच, एकीला खिडकी आठवली, दुसऱ्याला आजी. आता यात खरं कुणाचं? ‘हे वाईट लागतं’ असं सांगून आपण हरिश्चंद्राचे वारस ठरतो थोडेच! ‘माझ्या जिभेला याची ओळख नाही’, एवढंच खरं. बँकेत अनोळखी नोट आली म्हणून कुणी तिला खोटी ठरवत नाही. उजेडात धरून बघतो.

मनुस्मृतीनं कडू सत्य आणि गोड असत्य, या दोन्ही वाटा बंद केल्या आहेत. मग तोंडात घास असलेल्या माणसानं बोलावं तरी काय?

ते आईला ठाऊक होतं. तिच्या वाट्याला उमेबोशी आली. मिठात मुरवलेलं, सुरकुतलेलं, लालसर आंबट फळ. तिचा एक डोळा आपोआप मिटला. पण ती ‘छान’ म्हणाली नाही, की ‘शी’ही म्हणाली नाही. “हे नुसतं नसतील खात. कशाबरोबर खातात, विचार रे त्यांना.”

गृहस्थांचा चेहरा खुलला. भाताबरोबर खातात, म्हणाले. आणि आजाऱ्याला पेजेबरोबर देतात.

“अगंबाई! म्हणजे तापातून उठल्यावर आपण लिंबाचं लोणचं देतो, तसंच की!” आई म्हणाली. मग ते गृहस्थ बराच वेळ स्वतःच्या आईबद्दल बोलत राहिले.

‘कसं लागलं?’ असं विचारणाऱ्याला पदार्थाचे मार्क कुठं हवे असतात? आपल्या घरातलं काही या घरात पोचलं का, ते त्याला बघायचं असतं. नुसतं ‘छान’ म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच नमस्कार करणं, आणि ‘नको’ म्हणणं म्हणजे दार तोंडावर लावणं. एखादा प्रश्न विचारला, की पाहुणा आत येऊन बसतो आणि सत्यालाही धक्का लागत नाही.

माकुलाबद्दल मात्र सौ.नं अजून काही विचारलेलं नाही. खिडकी उघडीच आहे.