मातीचा शत्रू

खेळात मेलेला माणूस डाव संपला की उठून घरी जेवायला जातो. खेळ आणि लढाई यांत फरक कोणता, असे कोणी मला विचारले तर मी एवढेच सांगेन. आपल्या हुतूतूत तर मेलेला गडी जिवंत करण्याची सोय नियमातच करून ठेवलेली आहे. समोरच्याचा एक गडी बाद झाला की आपला एक उठतो, अंगावरची धूळ झटकतो आणि पुन्हा रेषेच्या आत येतो. म्हणूनच तर आई मुलाला निर्धास्तपणे खेळायला धाडते. "आज मी चार वेळा मेलो," असे तो संध्याकाळी येऊन सांगतो आणि ती माउली हसत त्याच्यापुढे ताट ठेवते.

परंतु ज्या खेळात खरोखरीच मरून गेलेली माणसे सोंगट्या म्हणून मांडलेली असतात, त्याविषयी काय म्हणावे? आणि पटापलीकडे बसलेला प्रतिस्पर्धी माणूसच नसून केवळ एक यंत्र असेल, तर तिथल्या जिंकण्याला आणि हरण्याला, न्यायाला आणि अन्यायाला काही अर्थ उरतो काय? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण त्याचे एक टोक आपल्या मनात फार खोलवर गेलेले आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न मला सुचला तो एका खेळामुळे. 'वॉर इन द पॅसिफिक' असे त्याचे नाव. २००४ साली तो संगणकावर प्रथम आला आणि २००९ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. दुसऱ्या महायुद्धातले जपान आणि दोस्त राष्ट्रे यांच्यातले सारे युद्ध त्यात मांडले आहे. आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यापासून थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत नकाशा पसरलेला. त्यावर जहाजे आहेत, विमानदळे आहेत, पायदळाच्या पलटणी आहेत. एकेका वैमानिकाचे नावसुद्धा आहे. एका दिवसाची एक चाल, अशी रीत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली. मधले दिवस १३६५. रोज रात्री एक चाल केली तर खरे युद्ध चालले तितकीच, म्हणजे पावणेचार वर्षे हा खेळ चालायचा! इतका वेळ समोर बसायला कोणता शहाणा मित्र तयार होणार? म्हणून बहुतेकजण संगणकालाच शत्रू करतात. मीही तेच करतो.

हमरापूरसारख्या गावात बसून एखाद्या शिक्षकाने पॅसिफिक महासागरातली बेटे घ्यावीत आणि सोडावीत, ही गोष्ट हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे. "काय गुरुजी, काल कोणतं बेट घेतलंत?" असे लोक विचारतात. पेणच्या बाजूला आमच्याकडे माणसे गणपती घडवतात. हमरापूर, जोहे या पंचक्रोशीत घरोघर कारखाने आहेत. जिकडे पाहावे तिकडे मूर्ती. कुणी पांढऱ्याफटक, कुणी अर्ध्या रंगवलेल्या, कुणी डोळ्यांच्या आखणीची वाट पाहत बसलेल्या. अशा गावात लढाईचा शोक जरा विचित्रच. परंतु माझ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला माझ्या गावाचाच उपयोग झाला.

पहिला आक्षेप घेऊ. मेलेल्यांशी खेळणे हे पाप नव्हे काय? पर्ल हार्बरला 'अॅरिझोना' नावाचे एक जहाज बुडाले. त्या एका जहाजावर ११७७ माणसे गेली. खेळात ते एक चित्र आहे. चित्र नाहीसे होते, शत्रूच्या खात्यात काही गुण जमा होतात, आणि खेळणारा चहाचा घोट घेतो. आणि हे युद्ध काही परक्यांचेच नव्हते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक येथे जपान्यांना जी पलटणे अडवून धरीत होती, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेले जहाज पेटले, फुटले, आणि गोदीतली व आसपासची शेकडो माणसे प्राणास मुकली. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिथून येणारा तांदूळ बंद झाला. इतर कारणांत हेही एक कारण मिसळले आणि १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करून मेली. खेळात या सगळ्याला एकच शब्द आहे : पुरवठा. पुरवठा वाढला, पुरवठा घटला. भुकेने मेलेल्या बाईमुलांचे गुण कोणाच्याच खात्यात मांडलेले नाहीत.

हे वाचून एखादा सज्जन म्हणेल, "मग टाकून द्या तो खेळ!" पण जरा थांबावे. माणसाला आकडा करण्याचा दोष एकट्या खेळाचा नाही. सेनापतीच्या टेबलावर माणसे अशीच आकडे होऊन येतात. सरकारी अहवालात तशीच येतात. वर्तमानपत्रात तशीच येतात आणि आपण पान उलटतो. आमच्या गावात श्रावणाच्या सुमारास टेम्पोत मूर्ती भरताना, "दोनशे नग गेले, शंभर नग राहिले," असा हिशेब चालतो. ऐकणाऱ्या परक्या माणसाला धक्का बसतो : देवाला नग म्हणता? परंतु मोजणाऱ्याच्या मनात अश्रद्धा नसते. मूर्ती कारखान्यात असते तोवर तो नगच. चतुर्थीला कुणाच्या तरी घरी पाटावर प्राणप्रतिष्ठा होते, मग तिच्यासमोर मोठ्याने बोलायचीही भीती वाटते. उत्तरपूजा झाली की पुन्हा माती. तीच वस्तू, आणि तिच्याशी वागण्याच्या दोन रीती. कोणती रीत कुठे लावावी हे ज्याला कळते तो शहाणा. दोष 'नग' म्हणण्यात नाही. दोष आहे तो चतुर्थीच्या दिवशीही 'नग'च म्हणत राहण्यात.

लढाईच्या खेळालाही हेच लागू आहे. जहाजाला चित्र म्हणून हलवावे, त्यावाचून खेळ व्हायचा नाही. पण चित्रामागे माणसे होती याचा ज्याला कधीच, एकदाही आठव होत नाही, त्याच्या मनात काहीतरी मरत चालले आहे असे समजावे. महाभारतात द्यूताचे युद्ध झाले. पटावर जिवंत माणसे पणाला लावली गेली आणि पुढे अठरा अक्षौहिणींचा नाश झाला. इथे उलटा प्रवास आहे, युद्धाचे द्यूत झाले आहे. धर्मराजाने माणसाला सोंगटी मानले. आपण सोंगटीला, निदान अधूनमधून, माणूस मानावे. एवढे तरी आपल्या हाती आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते अधिक अवघड. समोर कोणीच नसेल तर विजय कशाचा?

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. जग थक्क झाले. पण ज्याने जिंकले त्याला आनंद झाला नाही, कारण आनंद व्हायला तिथे कोणी नव्हतेच. याउलट जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा ती आईच्या गळ्यात पडून रडली. तिने हरवले ते कोनेरू हंपी या थोर खेळाडूला. त्या रडण्याला मोल होते, कारण पटापलीकडे एक माणूस होते. त्याचे कष्ट होते, त्याची आशा होती. विजय ही दोघांनी मिळून घडवायची वस्तू आहे. हरणारा मनापासून लढला नसेल तर जिंकणाऱ्याच्या हाती काय येते?

यंत्र मनापासून लढत नाही. त्याला मनच नाही. त्याचे एखादे बेट आपण घेतले तर त्याची झोप उडत नाही. आणि इथेच एक मोह दबा धरून बसलेला असतो. खेळ जिथवर आला तिथवर तो राखून ठेवता येतो. समजा आज चाल चुकली, चार जहाजे बुडाली. कालचा राखलेला डाव पुन्हा उघडावा, शत्रू कुठून येणार हे आता ठाऊक आहेच, आणि तीच लढाई जिंकावी. कोणाला कळणार? संगणकाला राग येत नाही. ज्याला फसवले जाण्याचे भानच नाही, त्याला फसवणे ही फसवणूक आहे काय?

या प्रश्नाला इतिहासाने फार भयंकर उत्तर देऊन ठेवले आहे. मे १९४२ च्या आरंभी जपानी आरमाराचे अधिकारी 'यामातो' या युद्धनौकेवर जमले आणि पुढच्या मोहिमांचा सराव त्यांनी पटावर मांडला. मिडवे बेटावरच्या चढाईत अमेरिकन विमानांचा हल्ला झाला तर काय, हे पाहण्यासाठी पंचाने फासे टाकले. नऊ बाँब लागले; 'आकागी' आणि 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली, असा निकाल निघाला. सरावाचे प्रमुख उगाकी यांना तो मानवला नाही. नऊचे तीन करा, असे त्यांनी सांगितले, 'आकागी' तरले. 'कागा' बुडालेलेच राहिले खरे. पण पुढच्या मोहिमेचा डाव मांडला तेव्हा तेही पाण्यातून वर येऊन हजर झाले! जपानी आरमाराच्या अधिकाऱ्यांनीच ही हकिकत पुढे लिहून ठेवली आहे. महिनाभराने, ४ जूनला, खरी लढाई झाली. 'आकागी', 'कागा', आणखी दोन विमानवाहू जहाजे आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे समुद्राने घेतली. त्यांना पटावर उचलून ठेवणारा कोणी नव्हता.

उगाकींनी कोणाला फसवले? फाशांना? फासे लाकडाचे असोत की हाडाचे, त्यांना काय त्याचे! त्यांनी स्वतःला फसवले, आणि त्याची किंमत खालच्या डेकवर उभ्या असलेल्या पोरांनी भरली. समोर यंत्र असताना केलेली लबाडी यंत्राला लागत नाही, ती खेळणाऱ्याकडेच परत येते. मनासारखा न पडलेला दान पुसून टाकायची सवय हाताला लागली की तो हात संगणकापुरता थांबत नाही. तो घरचा हिशेब लिहितो, परीक्षेचे पेपर तपासतो, निवाडे देतो. पाहणारे कोणी नाही, दुखावणारे कोणी नाही, अशा ठिकाणी माणूस कसा वागतो यावर त्याची खरी परीक्षा असते, हे आपण मुलांना शाळेत सांगतोच. संगणकाने ती परीक्षा फक्त घरोघर आणून ठेवली.

एकलव्याची गोष्ट इथे आठवते. द्रोणांनी नाकारले तेव्हा त्याने मातीचा गुरू केला. त्या मातीला बाण मारता येत नव्हता, चूक दाखवता येत नव्हती, शाबासकी देता येत नव्हती. तरी तो शिकला. मूर्तीत काही चमत्कार होता म्हणून नव्हे. नेम चुकला की चुकला, हे तो एकटा असताना मान्य करीत होता म्हणून. मातीचा गुरू शिकवू शकतो तर मातीचा शत्रूही शिकवू शकेल. अट एकच : शिष्य प्रामाणिक हवा.

तथापि या शिकवणीलाही एक सीमा आहे, आणि ती न सांगता लेख संपवणे बरोबर होणार नाही. पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचे सेनापती निमिट्झ यांनी युद्धानंतर म्हटले होते की, जपानशी होणारे युद्ध त्यांच्या नौदल महाविद्यालयात इतक्या वेळा, इतक्या परींनी पटावर खेळून झाले होते की प्रत्यक्षात अनपेक्षित असे काही घडलेच नाही. अपवाद एकच, जपानी वैमानिकांचे आत्मघातकी हल्ले. ऑक्टोबर १९४४ पासून पोरवयाचे वैमानिक विमानासकट जहाजांवर जाऊन आदळू लागले. ते करायला लावणाऱ्यांचा मी गौरव करीत नाही. तरण्याताठ्या मुलांचा तो बळीच होता. पण माणूस केव्हा हिशेबाबाहेर जाईल हे पटाला सांगता आले नाही, एवढे खरे.

हिशेबाबाहेर जाण्याचा एक उजळ नमुना आमच्याच जिल्ह्यातला आहे. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतले सारे पडले. कोणत्याही यंत्राने त्या क्षणी एकच चाल सांगितली असती : माघार. घाडगे एकटे पुढे गेले, त्यांनी ते ठाणे बंद पाडले आणि तिथेच गोळी लागून पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माणगावात त्यांचे स्मारक आहे. संगणकाच्या नकाशावर अशा माणसाला जागा नसते, कारण त्याचा आकडा होत नाही.

मग मुलांना असले खेळ खेळू द्यावेत की नाही? दिवाळीत ही चौकशी घरोघर होते. सुट्टी असते आणि मूल पडद्यापुढून हलत नाही. मला वाटते, बंदी घालण्यापेक्षा दोन गोष्टी शिकवाव्यात. बुडालेले जहाज गुपचूप वर काढू नये, ही एक. आणि ज्या लढाईचा खेळ खेळतो तिच्यात खरोखर गेलेल्या एका तरी माणसाचे नाव, गाव आणि वय माहीत करून घ्यावे, ही दुसरी.

आणि तिसरी गोष्ट मुलांनाच आपल्याला शिकवता येईल. या दिवसांत अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. शिखरावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, बुरुजावर तोफ. पण किल्ल्याच्या पायथ्याशी पाहा. तिथे विहीर असते, बाजार असतो, गाय असते, दळणारी बाई असते, आणि अळीव पेरून उगवलेले हिरवेगार शेत असते. मी पाहिलेल्या किल्ल्यांवर शत्रू मात्र कुठेच नसतो. तोफ कशासाठी आहे हे पोरांना मोठ्यांपेक्षा बरे कळते : त्या शेताला आणि त्या विहिरीला कोणी हात लावू नये यासाठी. अळिवाला पाणी घालायला मात्र विसरू नका, एवढेच त्यांना सांगावे.