पाचूचे लिंग आणि वीरकथा

म्हैसूरहून दक्षिणेस निघाले की पंचवीस किलोमीटरांच्या आत कपिला नदी लागते आणि पैलतीरावर नंजनगूडचे गोपुर दिसू लागते. एका सुटीत चार मराठी बिऱ्हाडांतील मुले बरोबर घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. त्यापूर्वी कित्येक रविवार या मुलांना जमवून आम्ही त्यांच्याबरोबर आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजेभोवतीचे वीर यांच्या कथा वाचीत होतो. त्यामुळे वाटेत गाडीतही तलवारी, भाले आणि शपथा यांचाच विषय चालला होता.

श्रीकंठेश्वराचे दर्शन झाले. नंतर एका गृहस्थांनी मुलांस पाचूचे लिंग दाखविले आणि त्याची कथा सांगितली. टिपू सुलतानाच्या आवडत्या हत्तीचे डोळे गेले होते. या देवाची आराधना केल्यावर त्यास पुन्हा दिसू लागले. तेव्हा सुलतानाने कृतज्ञतेने हे लिंग अर्पण केले आणि देवास ‘हकीम नंजुंड’ असे नाव दिले. मुले ऐकत होती. त्यांतला एक दहा वर्षांचा मुलगा आमचा हात ओढून हळूच म्हणाला, “काका, टिपू तर आपला शत्रू होता ना? मग त्याने दिलेलं लिंग इथं कसं?” आम्ही काही बोलणार इतक्यात त्याची मोठी बहीण म्हणाली, “आर्थरच्या गोष्टीत असं नसतं. तिथं वाईट माणसं शेवटपर्यंत वाईटच राहतात.”

या दोन वाक्यांनी आम्हांस निरुत्तर केले. मुलांच्या हाती आम्ही वीरकथा दिल्या त्या त्यांच्या ठायी उदारता यावी म्हणून. प्रत्यक्षात त्या कथांनी त्यांना जगाची विभागणी आपले आणि परके, चांगले आणि वाईट अशी सोपी करून दिली होती की काय? आणि तसे असेल तर दोष कथांचा, की सांगणाऱ्याचा? तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे.

प्रथम पाश्चात्त्य वीरकथांकडेच पाहू. तिकडे ज्यांस ‘नाइट’ म्हणत ते मुळात घोडेस्वार. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे बाळगणारा आपल्याकडील शिलेदार आठवला म्हणजे त्यांचे रूप बरेचसे कळते. ज्याच्याजवळ घोडा, चिलखत आणि तलवार आहे त्याच्यापुढे गावचा कुणबी आणि वाटेवरची बाई असहाय असते. या बळास लगाम घालण्याची गरज जेथे भासली तेथे वीरधर्माचा जन्म झाला. म्हणजे वीरधर्म हा शौर्याचा गौरव असण्यापूर्वी शौर्यावरचा अंकुश आहे.

ही गोष्ट मॅलरीच्या ग्रंथात स्पष्ट दिसते. आर्थरकथांचा त्याने केलेला संग्रह कॅक्स्टनने १४८५ साली छापला. त्यात गोलमेजेचे वीर दरवर्षी शपथ घेतात : अन्यायाने कोणास मारणार नाही, दया मागणाऱ्यास दया दाखवीन, स्त्रियांचे रक्षण करीन, अन्याय्य भांडणात शस्त्र उचलणार नाही. ही शपथ मुलांच्या पुस्तकांतून आवर्जून येते. पण तिच्या थोडे आधी काय घडले ते तेथे बहुधा गाळलेले असते. राजाचा भाचा गवेन एका पराभूत वीरास, तो दया मागत असताही, ठार मारण्यास धावतो. त्या वीराची प्रिया मध्ये झेप घेते आणि गवेनच्या तलवारीने तिचाच शिरच्छेद होतो. मग त्या प्रेताचे ओझे घेऊन त्याला दरबारात यावे लागते. शपथ येते ती यानंतर. ज्या पुस्तकात केवळ शपथ आहे आणि तो अपराध नाही ते पुस्तक मुलांस एक सुंदर वाक्य देते. मात्र त्या वाक्याची किंमत कोणी चुकविली हे सांगत नाही. हे लिहिणारा मॅलरी स्वतःस कैदी म्हणवतो, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील रोलांच्या महाकाव्याचे. इसवी सन ७७८ मध्ये शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी पिरिनीज पर्वतातील खिंडीत कापली गेली. कापणारे होते त्याच डोंगरांतले बास्क लोक. पुढे तीनशे वर्षांनी त्या प्रसंगाचे काव्य झाले तेव्हा बास्कांच्या जागी मुसलमानांचे अफाट सैन्य उभे राहिले होते. रोलांचे शौर्य काव्यात राहिले, शत्रू मात्र कवीच्या काळाला हवा तसा बदलला. आख्यायिका अशी चालते. ती खोटेच सांगते असे नव्हे. ती सांगणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे सांगते.

हा न्याय आम्ही परक्यांच्या कथांना लावतो तेव्हा मन सहज तयार होते. खरी कसोटी घरच्या कथांची. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा न ऐकता वाढलेला मराठी मुलगा विरळा. आबाजी सोनदेवांनी तिला महाराजांपुढे आणले आणि महाराजांनी तिला मातेचा मान देऊन, साडीचोळी करून परत पाठविले, ही ती कथा. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही, असे इतिहासाचे चिकित्सक अभ्यासक सांगतात. मग ती मुलांस सांगू नये काय?

आमच्या मते सांगावी. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांविषयी त्याच्या लेखणीत प्रेम नाही, शिव्याशाप पुष्कळ आहेत. त्याच खाफीखानाने नमूद केले आहे की लुटीच्या वेळी मशिदींस, कुराणास आणि कोणाच्याही स्त्रियांस उपद्रव देऊ नये असा शिवाजीचा नियम होता. कल्याणच्या कथेतील सून ऐतिहासिक असो वा नसो, त्या कथेच्या पाठीशी उभा असलेला नियम शत्रूच्या साक्षीने सिद्ध आहे. नियम नीरस असतो म्हणून लोकांनी त्यास चेहरा दिला, आवाज दिला. मुलांस हे दोन्ही कळले पाहिजे : ही कथा आहे आणि हा तिच्यामागचा पुरावा आहे. दहा वर्षांच्या मुलास हा भेद कळत नाही असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

आता आपण ज्या मुलुखात राहतो तेथील एका वीराकडे येऊ. म्हैसूरचा रणधीर कंठीरव नरसराज १६३८ ते १६५९ या काळात गादीवर होता. त्याची कथा येथील शाळकरी मुलांना पाठ असते. त्रिचनापल्लीच्या एका गर्विष्ठ मल्लाने वेशीवर आपला चोळणा टांगून ठेवला होता. शहरात येणाराने त्याखालून जावे आणि आपण त्याहून हलके आहोत हे मान्य करावे, असा त्याचा हेतू. कंठीरव वेष पालटून तेथे गेला, मल्लास त्याने झुंजीत लोळविले आणि सन्मानाची वाट न पाहता निघून आला. आर्थरच्या दरबारात शोभावी अशी ही कथा आहे. परंतु याच राजाच्या कारकीर्दीच्या अखेरीस मदुरेच्या तिरुमल नायकाशी जे युद्ध झाले ते ‘नाके कापण्याचे युद्ध’ म्हणून दक्षिणेत कुप्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या सैन्याने शत्रूपक्षाच्या लोकांची नाके कापली आणि मदुरेच्या सैन्याने त्याची परतफेड तशीच केली. जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत त्याचे वर्णन आहे.

युरोपातही असेच जोडचित्र सापडते. इंग्लंडच्या ‘काळ्या राजपुत्राने’ १३५६ साली प्वातिएच्या रणांगणावर फ्रान्सच्या राजास कैद केले आणि त्याच रात्री स्वतः उभे राहून त्याला जेवण वाढले. त्याच राजपुत्राने १३७० मध्ये लिमोज शहर घेतले तेव्हा दयेची याचना करणाऱ्या बायकामुलांचीही कत्तल झाली, असे फ्रॉइसार लिहितो. मृतांचा त्याने दिलेला आकडा फुगवलेला आहे असे आजचे अभ्यासक मानतात. तरी प्रश्न उरतोच. कैदी राजा होता म्हणून त्यास ताट वाढले गेले. शहरातली माणसे सामान्य होती. वीरधर्म बरोबरीच्यांशी पाळला गेला. खालच्यांपर्यंत तो पोहोचला नाही.

आणि आता आमच्या त्या लहानग्याचा प्रश्न. त्याला पुरे उत्तर द्यावयाचे तर १७९१ साल टाळता येत नाही. त्या वर्षी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा म्हैसूरच्या राज्यात असताना त्यांच्याबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती हलविली गेली, स्वामींस मठ सोडून जावे लागले. त्या स्वामींस धीर देणारी पत्रे आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य पाठविले ते टिपू सुलतानाने. ही पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांच्या हाती आली. ज्या मठापुढे आपण मान लवतो तो लुटणारे आपल्या झेंड्याखालून आले होते, हे मराठी मुलाला सांगणे सोपे नाही.

पण तेथेही थांबता येत नाही. मेलुकोटेच्या मंड्यम अय्यंगार कुटुंबांत नरकचतुर्दशीचा सण आजही साजरा होत नाही. टिपूने त्या दिवशी आपल्या पूर्वजांस मारविले ही आठवण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. शृंगेरीस द्रव्य पाठविणारा आणि मेलुकोटेच्या घरांत दिवे न लागण्यास कारण झालेला माणूस एकच. नंजनगूडच्या पाचूच्या लिंगाने मेलुकोट्याचा अंधार पुसला जात नाही. मेलुकोट्याच्या अंधाराने ते लिंगही काचेचे होत नाही.

येथे दोन आक्षेप येतील. एक, लहान मुलांस इतके सांगितले तर त्यांचा आदर्शांवरील विश्वास उडेल. दुसरा अधिक कठोर आहे. शत्रूच्या स्त्रियांशी दाखविलेली उदारता हीच चूक होती, ती सद्गुणाची विकृती होती, असे मत सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या १९६३ च्या ग्रंथात मांडले. ते वाचणारे आणि मानणारे आपल्यांत आहेत.

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. शत्रू अधर्माने वागला म्हणून आपणही तसेच वागावे, हा न्याय एकदा मान्य केला की नाके कापण्याच्या युद्धास शेवट राहत नाही. मदुरेने म्हैसूरकरांची नाके कापली म्हणून म्हैसूरच्या सैनिकांनी आधी कापलेली नाके परत आली नाहीत. वीरधर्म हा शत्रूच्या लायकीवर दिलेले बक्षीस नव्हे. तो आपण स्वतः काय व्हावयाचे याविषयी आपण घेतलेला निर्णय आहे.

पहिला आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. आदर्श आणि माणूस एकच आहेत असे आपण मुलास शिकविले तर माणसाचा डाग दिसताच त्याचा आदर्शही कोसळेल. म्हणून पहिल्यापासून मापदंड आणि मोजला जाणारा यांत भेद ठेवावा. गजाने कापड मोजतात. कापड तोकडे भरले म्हणून कोणी गज मोडीत नाही. दया मागणाऱ्यास दया दाखवावी, हा गज आहे. त्याने गवेन मोजावा, कंठीरव मोजावा, टिपू मोजावा, आणि आपले पटवर्धनही मोजावे. ज्या कथेने केवळ परक्यांचेच माप घेतले जाते ती वीरकथा राहत नाही. ती आपल्या पक्षाची जाहिरात होते.

मुलांस हे कळते याची एक खूण सांगतो. मंड्य जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकातला एक वीरगळ होता. तो आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. राजाने पराक्रमी मणलेरास ‘काही माग’ म्हटले तेव्हा त्याने ‘काळी’ नावाची कुत्री मागून घेतली. त्या कुत्रीने एका थोर रानडुकराशी झुंज दिली; दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभा राहिला आणि त्याच्या पूजेस जमीन लावून दिली गेली. चोळ राजा राजादित्य याच्या वधाची वार्ताही त्याच शिलेवर कोरलेली आहे. मुलांना राजादित्य आठवत नाही, काळी आठवते. ती कोणाच्या बाजूची होती असे त्यांनी आम्हांस एकदाही विचारले नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या वाचकवर्गाशी बोलावयाची आहे. आपण बहुतेक नोकरीनिमित्त या मुलुखात आलेले लोक. आपल्या कमरेस तलवार नाही; पण टेबलावर शिक्का आहे, हाती सहीची लेखणी आहे, आणि टेबलापलीकडे अर्ज घेऊन उभा असलेला माणूस आहे. आपली भाषा त्यास नीट येत नाही, त्याची आपणांस येत नाही. त्या क्षणी तो आपल्या ताब्यात असतो. वीरधर्माने ज्या प्रसंगासाठी नियम केला तो प्रसंग हाच. रात्री आर्थरची शपथ वाचून दाखविणारा बाप सकाळी दारावर आलेल्या शिपायाशी वा भाजीवालीशी कोणत्या स्वरात बोलतो, हे मुले ऐकत असतात. कथेचा खरा अर्थ ती तेथून घेतात.

त्या दिवशी परतताना कपिलेच्या पुलावर त्या मुलाने पुन्हा विचारले, “मग टिपू चांगला की वाईट?” आम्ही त्याला देवाच्या नावाचा अर्थ सांगितला. कन्नडात नंजु म्हणजे विष. ते प्याला तो नंजुंड. आम्ही म्हणालो, “त्यानं ते विष गिळलं नाही आणि दुसऱ्यावर थुंकलंही नाही. गळ्यातच धरून ठेवलं. जुन्या गोष्टींतलं कडू असंच धरून ठेवायचं असतं.” त्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. तो बराच वेळ मागे वळून गोपुराकडे पाहत होता, आणि मग म्हणाला, “पुढच्या रविवारी त्या गवेनची खरी गोष्ट वाचू.”