फरक पडला, पण कशामुळे?

मुख्याध्यापकाच्या नोकरीत सही हा फार स्वस्त ऐवज असतो. दाखल्यावर सही, पोषण आहाराच्या नोंदीवर सही, पाहुण्यांच्या आभारपत्रावर सही. अशाच एका सहीची गोष्ट सांगायची आहे, कारण निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ती एकच मला टोचते.

आमच्या शाळेत एका संस्थेने वाचन सुधारण्याचा उपक्रम आणला होता. जूनमध्ये चाचणी, मार्चमध्ये पुन्हा चाचणी. जूनमध्ये जोडाक्षरांपाशी अडखळणारी बरीच मुले मार्चमध्ये धडा वाचू लागली. संस्थेचे लोक अभिप्राय मागायला आले. मी लिहून दिले, ‘या उपक्रमामुळे मुलांच्या वाचनात लक्षणीय फरक पडला.’ खाली सही आणि शिक्का. तो कागद पुढे कुठकुठल्या शाळांत दाखवला गेला असेल, अल्लाह जाणे.

मी खोटे लिहिले नव्हते. फरक पडलाच होता. पण तिसरीतले मूल त्या नऊ-दहा महिन्यांत वयानेही वाढते, घरी मोठ्या बहिणीच्या पुस्तकात डोकावते, आणि वर्गशिक्षक रोज फळ्यावर लिहीत असतातच. यातले श्रेय उपक्रमाचे किती? शिवाय मार्चच्या चाचणीला कोण हजर नव्हते? आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली मुले. ज्यांना सर्वांत कमी येत होते तीच यादीतून गळाली आणि सरासरी आपोआप वर चढली. माझ्या वाक्यातला ‘मुळे’ हा एवढाच शब्द मी तपासलेला नव्हता, आणि त्या वाक्याचे सगळे वजन त्याच्यावरच होते.

ही चूक एकट्या गावाकडच्या मास्तराची नाही. पश्चिम केनियात शाळांना भिंतीवर टांगायचे, पाने उलटायचे तक्ते देण्यात आले होते. ज्या शाळांकडे असे तक्ते आधीपासून होते त्यांची नसलेल्या शाळांशी तुलना केली, तर तक्त्यांमुळे मुलांचे गुण चांगलेच वाढतात असे दिसे. मग मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ शाळा घेतल्या आणि कोणत्या निम्म्या शाळांना तक्ते द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. फरक जवळजवळ शून्य निघाला. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तक्ते विकत घेणारी शाळा इतर बाबतींतही बरी असते. गुण त्या बरेपणाचे होते, तक्त्यांचे नव्हते.

आपल्या जवळचे उदाहरण बालसखीचे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी नेमल्या. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसायचे आणि वाचन व अंकगणित पायापासून पक्के करायचे, एवढेच काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची तपासणी केली. लेख २००७ मध्ये आला. (बॅनर्जी, दुफ्लो आणि वर आलेले क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) पहिल्या वर्षी वाढ ०.१४ प्रमाण विचलन आणि दुसऱ्या वर्षी ०.२८. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभे असलेले मूल दुसऱ्या वर्षी दहा-अकरा जागा पुढे सरकले. खर्च मात्र अगदी थोडा.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. चिठ्ठ्या टाकून मुलांना शिकवायचे? कुणाच्या ताटात वाढायचे आणि कुणाचे ताट मुद्दाम रिकामे ठेवायचे? पण पाहिले तर त्यांनी एका शाळेत एका इयत्तेला बालसखी दिली, दुसऱ्या शाळेत दुसऱ्या इयत्तेला. पुरे वंचित कुणालाच ठेवले नाही, आणि तुलनाही साधली. आणि चिठ्ठी न टाकता मी काय केले होते? न तपासलेली गोष्ट सरसकट सगळ्या मुलांना दिली. प्रयोग आपण दरवर्षी करतच असतो, फक्त त्याची नोंद ठेवत नाही.

दुसरी गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वडोदरा, आणि २००१-०२ चे शालेय वर्ष. हे दोन्ही एका ओळीत वाचले की आपल्यापैकी कुणाचेही बोट तिथे थांबेल. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या शहरात काय झाले ते या पानांवर नव्याने सांगायला नको. शास्त्र म्हणते, चिठ्ठ्या टाकलेल्या असल्या की अशा आपत्तीची झळ दोन्ही गटांना साधारण सारखीच लागते आणि तुलना शाबूत राहते. हे मला पटते. पण त्या मार्चमध्ये ज्या मुलाचे दप्तर घरातच राहिले, त्याचे नुकसान दोन्ही बाजूंतून सारखे वजा होते आणि उत्तरात उरत नाही. आकडा चुकलेला नसतो, तरी हिशेब पुरा झालेला नसतो.

बालसखीच्या अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष मला मोलाचे वाटतात, कारण ते जाहिरातीत कधी येत नाहीत. पहिला : मागची मुले बालसखीकडे गेल्याने वर्ग लहान झाला, तरी उरलेल्या मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला नाही. दुसरा : उपक्रम सुटून एक वर्ष झाल्यावर वाढ ओसरून साधारण ०.१० वर आली. दहा-अकरा जागांतल्या चारच उरल्या. माझ्या अभिप्रायात ‘पुढच्या मार्चमध्ये काय झाले’ हे नव्हते. पाहायला मी गेलोच नव्हतो.

आणि करणारा कोण, हेही विचारावे लागते. पुढे हीच पद्धत, म्हणजे मुलांना वयानुसार न बसवता येते तिथून शिकवण्याची, बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत वापरली, तेव्हा वाचन सुधारले. त्याच शिक्षकांना नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन वर्षभर वर्गात वापरा म्हटले, तेव्हा परिणाम दिसला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये दिवसातला एक तास त्यासाठी राखून ठेवला, मुलांचे गट केले, देखरेख ठेवली, तेव्हा हिंदी वाचनात पुन्हा फरक दिसला. पुस्तिका तीच, शिक्षकही सरकारीच. वेळ राखला की नाही यावर सगळे ठरले. ‘संशोधनाने सिद्ध झालेला कार्यक्रम’ म्हणून आपल्याकडे येते ती बहुधा नुसती पुस्तिका असते.

केनियातच पाठ्यपुस्तके मोफत वाटली तेव्हा सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती, आणि ती तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. घरात दखनी, अंगणात मराठी आणि शाळेची पाटी इंग्रजी माध्यमाची, अशा घरांतून आलेल्या वाचकांना यावर मी वेगळे काय सांगावे!

एवढे सगळे आज आठवायला कारण घडले. आमच्या वस्तीतल्या एका शिक्षण संस्थेच्या समितीवर मी आहे. एक कंपनी टॅब आणि त्यात भरलेले धडे घेऊन आली. रंगीत माहितीपत्रकावर ‘संशोधनसिद्ध’ आणि काही टक्के. निम्मी रक्कम पालकांनी भरायची. सभेत एक आई उठली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, तुम्ही चांगलं म्हणताय ना, मग आम्ही भरू. शिलाईचे पैसे आहेत.”

तिला टक्के समजत नव्हते असे नाही. ते तपासायचे काम तिने माझ्यावर सोपवले होते. ही अमानत आहे. मागच्या वेळी अशाच कुणाची तरी अमानत मी शिक्क्याखाली दाबली होती.

मी कंपनीच्या माणसाला विचारले, हे टक्के कुणाच्या तुलनेत? चाचणी कुणी घेतली, तुम्ही की बाहेरच्या कुणी? सुरुवातीला किती मुले होती आणि शेवटी किती उरली? वर्षाने पुन्हा पाहिले का? तो भला मुलगा होता. म्हणाला, “सर, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, ऑफिसला विचारून सांगतो.” सचिवसाहेब मात्र माझ्यावर नाराज झाले. म्हणाले, “आपल्या मुलांना कधी नव्हे ते काही मिळतंय, तर तुम्ही खोडा घालता.” त्यांचेही अगदी चूक नाही. न मिळण्याची सवय झालेल्या माणसाला मिळालेल्या वस्तूची पारख करणे उर्मटपणाचे वाटते.

मी एकच सुचवले : पैसे घेण्याआधी टॅब एका तुकडीला द्या, दुसरीला पुढच्या सत्रात द्या, आणि दोन्ही तुकड्यांची चाचणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांकडून घ्या. कोणती तुकडी आधी ते चिठ्ठी ठरवील. ठराव मतास टाकायच्या आत वेळ संपली. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे, नमुन्याचे टॅब कपाटात कुलपात आहेत, आणि त्या बाईंनी परवा रस्त्यात मला विचारले, “मग सर, भरायचे का नाही?”