पदर आणि ठसका

सुलोचना चव्हाण यांच्याविषयी कुणी बोलायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्यात पदर येतोच. आयुष्यभर लावणी गायल्या, पण अंगभर घेतलेला पदर ढळू दिला नाही. १० डिसेंबर २०२२ ला त्या गेल्या, तेव्हाही हेच पुन्हा पुन्हा वाचायला मिळालं. कौतुक मनापासूनचं आहे आणि खोटं मुळीच नाही. तरी ते कानाला खटकतं. एका गायिकेच्या कारकिर्दीबद्दल आपल्याला सांगण्यासारखं सर्वांत मोठं काय वाटतं, तर तिने गाताना साडी कशी नेसली होती!

खरं तर लावणी हा त्यांचा घरचा वारसा नव्हता. जन्म १९३३ चा, गिरगावातल्या फणसवाडीतला. माहेरचं आडनाव कदम. लहानपणी मेळ्यात कामं केली. शास्त्रोक्त तालीम अशी नाहीच, जे शिकल्या ते रेकॉर्डी ऐकून. शाळकरी वयातच हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्या. १९५१ च्या ‘ढोलक’मधलं, संगीतकार श्यामसुंदरांच्या चालीतलं त्यांचं गाणं आजही जुन्या गाण्यांचे दर्दी काढून ऐकतात. त्या गाण्यातली सुलोचना कदम हळवी, मुलायम आहे. हाच गळा पुढे फडावरच्या बाईचा ठसका काढील, असं ते ऐकून कुणी म्हटलं नसतं.

तो निघाला, त्यात दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांचा वाटा मोठा. लग्नानंतर लावणीच्या गायकीत त्यांनीच पत्नीला तयार केलं: कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठला नुसता सोडून द्यायचा, कुठे हसू गळ्यात आणायचं आणि ओठांवर नाही. नवऱ्याने बायकोला लावणी शिकवावी, हे पन्नाशीच्या दशकातल्या गिरगावात साधं नव्हतं. पदराच्या गोष्टीत हे मात्र बहुधा राहून जातं.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे बघू. बैठकीच्या लावणीत एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा घेते. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी, एकदा नुसती मान वळवून. प्रत्येक वेळी त्या ओळीचा अर्थ बदलतो, आणि बैठक रंगली तर अर्धा तास एका लावणीवर जातो. ७८ च्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. डोळे नाहीत, बोटं नाहीत, समोर बसलेला रसिकही नाही. उरला तो फक्त उच्चार. सुलोचनाबाईंनी सगळी अदा त्या उच्चारात बसवली.

१९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’मधली ती कोल्हापूरच्या मिरचीची लावणी ऐकून पाहा. शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल वसंत पवारांची. सूर नाकात जात नाही, किंचाळत नाही, छातीतून उघडा येतो. जोडाक्षर आलं की त्या क्षणभर त्यावर रेलतात. यमकाच्या अलीकडे बारीकशी उसंत घेतात, ऐकणाऱ्याला पुढचा शब्द कळलेला असतो आणि तरी तो वाट बघतो. मग शेवटचं अक्षर जवळजवळ बोलल्यासारखं टाकून मोकळ्या होतात. उरलेली जागा ढोलकी भरून काढते. (मुलगा विजय चव्हाण पुढे ढोलकीतलं मोठं नाव झाला, हे या घराला शोभणारंच.)

हे सगळं कानांनी कळतं. रेडिओवर पदर दिसत नव्हता. ज्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं, तिने त्यांना आधी ऐकलं, पाहिलं फार नंतर. मग पदर इतका महत्त्वाचा का झाला? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आणली होती. पुढे अटी घालून, सुधारणा सुचवून ती उठली. दशकभरात ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट पुण्यात १३१ आठवडे चालला. म्हणजे पांढरपेशा प्रेक्षकाला लावणी हवी होती; तंबूत जाऊन मिळणारी नको होती. चित्रपटाने आणि तबकडीने ती अडचण सोडवली. पडद्यावर नाचणारी एक, गाणारी दुसरी, आणि गाणारी तर आपल्या शेजारच्या चाळीत राहणारी. लावणी घरात आली आणि घराला काही बाधलंही नाही. पदराच्या कौतुकात ही सुटकेची भावना मला स्पष्ट ऐकू येते.

त्याची किंमत इतर बायकांनी मोजली. सुलोचनाबाईंना सोज्वळ म्हणताना न बोलता कुणाला तरी सोज्वळ नाही म्हटलं जातं, आणि ते कुणाला हे सगळ्यांना कळतं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर घ्या. त्यांचं नाव निघालं की खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आल्याची गोष्ट निघते. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहेच. पण त्या गायच्या कशा, हे कुणी सांगत नाही. एकीचा पदर, दुसरीचं बाळंतपण. दोघींच्या गळ्याबद्दल बोलायचं राहूनच जातं. बैठकीची लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांचं त्यातल्या त्यात बरं, त्यांच्या अदाकारीबद्दल जाणकारांनी बोलून ठेवलंय. तरी पद्मश्री मिळायला २०१२ साल उजाडलं. तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. सुलोचनाबाईंना ती २०२२ मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी. लावणीसम्राज्ञी ही पदवी मात्र आचार्य अत्र्यांनी कधीच देऊन टाकली होती. सरकारपेक्षा अत्र्यांचा कान तिखट होता.

कुणी म्हणेल, पदर ही त्यांची स्वतःची निवड होती, तिचा मान का ठेवू नये? जरूर ठेवावा. मंचावर कसं उभं राहायचं हे गायिकेने ठरवायचं असतं. माझा आक्षेप त्या निवडीला नाही, तिचं प्रमाणपत्र करून इतरांपुढे नाचवण्याला आहे.

शिवाय या कौतुकाने गाण्याचंही नुकसान केलं. टीव्हीवरच्या स्पर्धांत मुली त्यांच्या लावण्या हौसेने गातात. नऊवारी चापूनचोपून, नथ, अंबाडा, सगळं जागच्या जागी. आणि ठसका प्रत्येक शब्दावर. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. सुलोचनाबाई ओळीत एकदा ठसका देत, फार तर दोनदा, आणि तो कुठे येणार हे आधी कळू देत नसत. त्या मुलींना एवढं जरी कुणी शिकवलं तरी पुष्कळ झालं.